प्रौढवयांतील शरीरविद्या



ज्या घरांत आपण राहतों त्या घराचें छप्पर कोठें गळतें, नळाला पाणी कोणत्या वेळीं येतें आणि दिवा विझला तर प्रथम कोठें पाहावयाचें, हें घरांतल्या प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असतें. परंतु ज्या शरीरांत आपण जन्मभर राहतों त्याची माहिती मात्र बहुतेकांना शाळेंतल्या दोनचार आकृत्यांपलीकडे नसते. हृदयाचें चित्र काढलें, त्याचे चार कप्पे दाखविले, परीक्षेंत गुण मिळविले आणि तें चित्र वहीबरोबर रद्दींत गेलें, असा आपल्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजाचा सार्वत्रिक अनुभव आहे. पुढें चाळिशी उलटते. डॉक्टर एखादा तपासणीचा कागद हातीं देतात. त्यावर आंकडे असतात. आणि ज्यानें विद्यापीठाची पदवी घेतली आहे तोहि त्या कागदाकडे परक्या लिपींतील सनदेकडे पाहावें तसा पाहत राहतो.

शाळा सुटल्यानंतर, संसार मांडल्यानंतर, पोटापाण्याचा उद्योग चालू असतांना मनुष्यानें शरीरविद्या आणि आरोग्यशास्त्र पद्धतशीर शिकावें काय, शिकावयाचें तर कसें, आणि त्यापासून नेमका लाभ कोणता, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रौढशिक्षण म्हटलें कीं कंदिलाच्या उजेडांत पाटीवर मुळाक्षरें गिरविणारीं माणसें आपल्या डोळ्यांपुढें येतात आणि तें शिक्षण दुसऱ्यांसाठीं आहे अशी आपली समजूत होते. ती समजूत कितपत बरोबर आहे याचाहि निवाडा आपण ओघाओघानें करूं.

प्रौढांना शास्त्र शिकविण्याची कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत कारागिरांसाठीं संस्था निघाल्या. थॉमस हेन्री हक्स्ले यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा जीवशास्त्रज्ञ लंडनमधील कामकऱ्यांपुढें नेमानें व्याख्यानें देत असे; १८६६ सालीं त्यानें शरीरव्यापारावर एक प्राथमिक पुस्तकहि लिहिलें. १८७३ सालीं जेम्स स्टुअर्ट यांच्या खटपटीनें केंब्रिज विद्यापीठानें आपल्या भिंतींबाहेर व्याख्यानक्रम सुरू केला. आपल्याकडे पुण्यांत न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ मध्यें वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याचाहि हेतु हाच, कीं ज्ञान हें केवळ विद्यार्थिदशेचें धन राहूं नये. मात्र व्याख्यान ऐकणें निराळें आणि अभ्यास करणें निराळें. ऐकलेलें दुसऱ्या दिवशीं विरून जातें. अभ्यासाला क्रम लागतो, प्रयोग लागतो आणि आपल्याला कळलें कीं नाहीं हें तपासणारा कोणीतरी लागतो.

ही उणीव मुक्त विद्यापीठांनीं बऱ्याच अंशीं भरून काढली. इंग्लंडांतील मुक्त विद्यापीठाला १९६९ सालीं सनद मिळाली आणि १९७१ पासून त्याचें अध्यापन सुरू झालें. पूर्वीची कोणतीहि परीक्षा दिलेली असण्याची अट त्यानें ठेविली नाहीं. कारखान्यांतील मजूर, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, निवृत्त गृहस्थ अशीं माणसें रेडिओवरील व दूरचित्रवाणीवरील पाठ ऐकूं लागलीं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना टपालानें प्रयोगाच्या पेट्या घरपोंच मिळत. त्यांत एक छोटें सूक्ष्मदर्शक यंत्रहि असे. स्वयंपाकघरांतल्या टेबलावर बसून पेशी प्रत्यक्ष पाहावयाची, ही गोष्ट तोंवर कोणाच्या स्वप्नांतहि आली नव्हती. आपल्या देशांत १९८५ सालीं दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालीं नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हें नाशिकच्या विद्यापीठाचें ब्रीद आहे.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. कोणी म्हणेल, “शरीराची काळजी घ्यावयास डॉक्टर आहेत. त्यांनीं सांगावें आणि आम्हीं करावें. गाडीत बसणारानें इंजिनाची रचना शिकलीच पाहिजे असें थोडेंच आहे? आरोग्याचे दहा नियम पाठ असले म्हणजे पुरे. कारणें जाणून काय करावयाचें?” या आक्षेपाला तर्कानें उत्तर देण्यापेक्षां एका प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणानें देणें अधिक चांगलें.

१९७१ सालीं बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळीं लाखों निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले. बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें होतें. त्या वेळीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें तोंडानें पाजण्याचा निश्चय केला. पाजणारे म्हणजे रोग्यांचेच आईबाप, भाऊबहिणी. जेथें शंभरांतील सुमारें तीस रोगी दगावत होते तेथें हें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. साधें खारट गोड पाणी. तें पाजणारे हात कोणत्याहि वैद्यकीय शाळेंत शिकलेले नव्हते.

पुढें १९८० पासून दहा वर्षें बांगला देशांत ब्रॅक या संस्थेनें हें ज्ञान घरोघर नेण्याचें काम अंगावर घेतलें. शिकविणाऱ्या स्त्रिया खेड्यांत जात, अंगणांत बसत आणि त्या घरच्या आईकडूनच तिच्याच भांड्यांत अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ यांचें मिश्रण करवून घेत. सुमारें एक कोटि वीस लाख घरांना त्यांनीं हा धडा दिला. आणि या योजनेंत एक विलक्षण गोष्ट होती. शिकविल्यावर कांहीं दिवसांनीं दुसराच तपासनीस निवडक घरीं जाई, त्या आईला प्रश्न विचारी, आणि तिला किती आठवतें आहे त्यावर शिकविणारीचा मेहनताना ठरे. आपल्या विद्यालयांतून असा नियम लागू केला तर किती प्राध्यापकांचें वेतन पुरतें हातीं पडेल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे!

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. प्रारंभीं असें आढळलें कीं कृति स्त्रियांना तोंडपाठ आहे, पण मुलाला जुलाब झाले असतां तें पाणी प्रत्यक्ष फारच थोड्या घरांत दिलें जातें. अधिक चौकशी करतां असें दिसलें कीं शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांपैकींच अनेकांचा त्यावर भरवसा नव्हता; स्वतःला जुलाब झाले कीं ते गोळ्या घेत. मग त्यांना तें पाणी शरीरांत काय करतें, कसें करतें, हें नीट समजावून देण्यांत आलें. घरांतील पुरुषांनाहि या चर्चेंत घेण्यांत आलें. त्यानंतर वापर वाढूं लागला. नियम तोंडपाठ करून मनुष्य परीक्षेला उतरतो. पण आपलें मूल मांडीवर निपचित पडलें असतां तो त्याच नियमावर विसंबतो ज्याचें कारण त्याला पटलेलें असतें. आक्षेपकाला माझें उत्तर हेंच आहे.

आतां हें कारण तरी काय, तें पाहूं. आपलें लहान आंतडें सुमारें सहा मीटर लांब असतें. त्याच्या आंतल्या अस्तरावर लक्षावधि सूक्ष्म बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांतील पेशी अन्नरसांतून द्रव्यें उचलून रक्ताकडे पोंचवितात. पटकीचें विष या पेशींवर असा परिणाम करतें कीं क्षार आणि पाणी उलट आंतड्यांत झिरपूं लागतें. मूल वाळत जातें. नुसतें पाणी पाजलें तर तें पुरेसें शोषलें जात नाहीं, आणि गेलेल्या क्षाराची भरपाईहि होत नाहीं. परंतु या पेशींना एक असें दार असतें कीं ज्यांतून मिठांतील सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आंत शिरतात, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढलें जातें. पटकीचें विष हें दार बंद करीत नाहीं. मीठसाखरेच्या पाण्याची सारी किमया या एका न मोडलेल्या दारांत आहे.

कारण कळलें कीं प्रमाणाचें महत्त्वहि आपोआप कळतें. साखर जास्त झाली तर दाट द्रावण उलट शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढतें आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालें तर रक्तांतील क्षार वाढून मुलाला अपाय होतो. म्हणून तयार पुडी मिळत असेल तर तीच उत्तम. न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हें प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनें घरगुती उपयोगासाठीं सांगितलें आहे. चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. आणि “जुलाब होताहेत, पाणी तोडा” हा जो आपल्या कित्येक घरांतील वडिलोपार्जित समज, तो किती घातक आहे हेंहि निराळें सांगावें लागत नाहीं. ज्या माउलीला आंतड्याचें दार समजलें ती पाणी तोडणार नाहीं; मग सासूबाई कांहींहि म्हणोत.

आतां आपल्या महाराष्ट्रांत येऊं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, जामखेड या दुष्काळी तालुक्यांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें काम सुरू केलें. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास राजी नव्हत्या. तेव्हां गांवानें आपल्यांतलीच एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावें, असें ठरलें. निवडलेल्यांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजांतील होत्या. त्या नेमानें जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि गरोदरपण, बाळंतपण, बालकाचें पोषण, क्षय, कुष्ठ यांविषयीं शिकत. परत गेल्यावर शिकलेलें गांवाला शिकवीत. १९७९ सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिला पाटीवर स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें ती स्त्री वार कोठें चिकटलेली असते आणि नाळ का स्वच्छ पात्यानें कापावयाची हें गांवातल्या दहा जणींना समजावून देऊं लागली. अक्षरज्ञान आणि शरीरज्ञान यांतील पहिलें नसतांहि दुसरें येऊं शकतें. तसेंच, पहिलें असूनहि दुसरें नसणें शक्य आहे. आणि ही दुसरी जात शहरांत अधिक आढळते.

गडचिरोलीचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथें डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. लहान मुलें न्यूमोनियानें दगावत. न्यूमोनियांत फुप्फुसांच्या वायुकोशांत द्रव भरतो, फुप्फुस ताठर होतें, एका श्वासांत पुरेशी हवा जात नाहीं, म्हणून मूल उथळ आणि जलद श्वास घेऊं लागतें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक झाले, तर न्यूमोनियाचा संशय धरावा, असा नियम आहे. मूल शांत असतांना पुरतें एक मिनिट मोजावें लागतें. पण ज्या सुइणींना दहाबारांपुढें मोजतां येत नाहीं त्यांनीं साठ कसे मोजावे? तेव्हां एका लहानशा फळीवर एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि तारेंत ओवलेले मणी बसविले. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकवावा लागला तर मुलाला न्यूमोनिया आहे असें समजावयाचें. विद्यार्थ्याला गणित येत नाहीं म्हणून त्याला वर्गाबाहेर काढण्याऐवजीं गणितालाच मण्यांचें रूप देऊन त्याच्या हातीं ठेवणें, याला मी खरें अध्यापन म्हणतों. पुढें १९९५ ते १९९८ या काळांत याच संस्थेनें ३९ गांवांत निवडक स्त्रियांना नवजात बालकाची घरींच काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नें उतरलें. १९९९ सालीं हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या द्वारें देशभर स्वीकारली गेली.

कोणी म्हणेल, हें सारें खेड्यापाड्यांचें झालें; आमच्या गल्लींत तर तीन दवाखाने आहेत. तर मग शहरांतील घराकडे वळूं. येथें न्यूमोनियापेक्षां मधुमेह आणि रक्तदाब यांचें राज्य आहे, आणि हे दोन्ही रोग असे आहेत कीं त्यांत डॉक्टर वर्षांतून चारदोन वेळां भेटतो, बाकीचे दिवस रोगी स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. त्याच्याजवळ ज्ञान असो वा नसो, निर्णय रोज तोच घेतो.

मधुमेहाच्या तपासणींत ‘एचबीएवनसी’ नांवाचा एक आंकडा असतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यांत गोड सोडून आंकडा उतरविण्याचा प्रयत्न करणारे सद्‌गृहस्थ आपल्या ओळखींत असतीलच. त्यांना रक्ताचें थोडें ज्ञान असतें तर हा उपद्व्याप त्यांनीं केला नसता. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. तिच्यांतील रक्तरंजक द्रव्याला रक्तांतली साखर हळूहळू चिकटत जाते. साखर जितकी अधिक, तितकी चिकटणारी अधिक. म्हणून हा आंकडा म्हणजे मागल्या दोनतीन महिन्यांची जमाखर्चाची वही असते. आदल्या आठवड्यांत प्रामाणिकपणा केल्यानें मागलीं पानें पुसलीं जात नाहींत. आणि ज्याला हें कारण कळलें त्याला हेंहि कळेल कीं रक्तस्राव झालेला असेल किंवा पेशी अल्पायुषी ठरत असतील तर या आंकड्यावर तितका भरवसा ठेवतां येत नाहीं, व ती गोष्ट डॉक्टरांना सांगितली पाहिजे.

रक्तदाबाचेंहि तसेंच. वरचा आंकडा हृदय आकुंचन पावतें त्या वेळच्या दाबाचा, खालचा तें सैल पडतें त्या वेळच्या दाबाचा. हा दाब वर्षानुवर्षें वाढलेला असला तरी बहुधा कांहींच दुखत नाहीं. तेवढ्या अवधींत मेंदूंतील, डोळ्यांतील आणि मूत्रपिंडांतील बारीक नळ्या मात्र झिजत असतात. आपलीं दोन मूत्रपिंडें दिवसाला सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकून बाकीचा परत घेतात. एवढें नाजुक गाळणें सतत अधिक दाबाखालीं ठेवलें तर तें किती काळ टिकेल? हें चित्र डोळ्यांपुढें असलेला मनुष्य “डोकें दुखत नाहीं, मग गोळी कशाला?” असें म्हणून औषध सोडीत नाहीं. आणि ज्याला विषाणु व जंतु यांतील भेद समजला तो साध्या सर्दीपडशासाठीं जंतुनाशक गोळ्यांचा हट्ट धरीत नाहीं. कारण तीं औषधें जंतूंच्या पेशीभित्तिकेसारख्या घटकांवर घाव घालतात, आणि सर्दीच्या विषाणूला ती भिंतच नसते.

आतां अभ्यास कसा करावा याविषयीं थोडें. पहिली गोष्ट म्हणजे क्रम. पेशीपासून आरंभ करावा. मग पचन, रक्ताभिसरण, श्वसन, उत्सर्जन, ग्रंथि व मज्जासंस्था, प्रजनन, रोगप्रतिकार, आहार आणि शेवटीं वार्धक्य, असें जावें. आधीं निरोगी शरीर, मग रोग. रोगांपासून आरंभ करणाराला प्रत्येक रोग आपल्यालाच झाल्याचा भास होऊं लागतो. प्रजननाचा पाठ शाळेंत बहुधा गडबडीनें उरकलेला असतो. प्रौढांच्या वर्गांत तो संकोच सोडून, गांभीर्यानें शिकतां येतो, आणि मुलीची आई किंवा मुलाचा बाप या नात्यानें तो शिकणें हें आपलें कर्तव्यहि आहे.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. त्यासाठीं प्रयोगशाळा हवीच असें नाहीं. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्त शरीरांत चक्राकार फिरतें हें सिद्ध केलें तें ज्या प्रयोगानें, तो आजहि कोणाच्याहि घरीं करतां येतो. दंडाला फडकें बेताचें बांधावें, म्हणजे पुढच्या हातावरील शिरा फुगतात आणि त्यांवर मधूनमधून लहान गांठी दिसतात. त्या गांठी म्हणजे झडपा. शिरेवर एक बोट दाबून ठेवावें आणि दुसऱ्या बोटानें तिच्यांतील रक्त खांद्याच्या दिशेनें पुढच्या गांठीपलीकडे सारावें. मधला भाग रिकामाच राहतो. वरून रक्त परत येत नाहीं. पहिलें बोट उचलतांच मात्र तो हाताच्या पंजाकडून भरून येतो. शिरांतून रक्त एकाच दिशेनें, हृदयाकडे, जातें हें कोणत्याहि ग्रंथाच्या आधाराशिवाय तुमच्या डोळ्यांनीं पाहिलें. मग थोडें गणित करावें. हृदय एका ठोक्याला सुमारें ७० मिलिलिटर रक्त पुढें ढकलतें. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळ जवळ पांच लिटर झालें. शरीरांतलें एकूण रक्तहि साधारण तितकेंच. इतकें रक्त दर मिनिटाला नवें निर्माण होणें शक्य नाहीं; म्हणजे तेंच फिरून फिरून येत असलें पाहिजे. हार्वेच्या युक्तिवादाचा गाभा हाच. घरांतल्या सर्वांनीं बसून नाडी मोजावी, मग जिना दोनदां चढून उतरून पुन्हा मोजावी आणि ती मूळ पदावर यावयास कोणाला किती वेळ लागतो तें पाहावें. शेजारच्या खोलींतून नातवंडेंहि धांवत येतील आणि वर्ग आपोआप भरेल.

तिसरी गोष्ट प्रौढाच्या मनाची. मुलाचें मन कोऱ्या पाटीसारखें असतें असें म्हणतात. प्रौढाची पाटी लिहून भरलेली असते. तिच्यावर आजीनें सांगितलेलें असतें, शेजाऱ्यानें सांगितलेलें असतें, आणि हल्लीं तर सकाळपासून रात्रीपर्यंत मोबाइलवर येणाऱ्या निरोपांनीं सांगितलेलें असतें. चांगला शिक्षक ही पाटी एकदम पुसावयास जात नाहीं. तो तींतलें एकेक वाक्य वाचावयास लावतो आणि विचारतो, हें खरें असेल तर शरीरांत काय घडावयास हवें? तें घडतें काय? आजीच्या सांगण्यांतील कांहीं खरें ठरतें, कांहीं खोटें. पण दोन्हीं बाबतींत निर्णय आतां आपला असतो. वय वाढलें, आतां पाठ होत नाहीं, ही तक्रारहि मी पुष्कळ ऐकतों. प्रौढाला पाठांतर कदाचित् जड जात असेल. परंतु त्याच्याजवळ जी गोष्ट विद्यार्थ्याजवळ नसते ती असते, ती म्हणजे गरज. ज्या स्त्रीनें वडिलांचा पक्षाघात जवळून पाहिला आहे तिला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पाठ दोनदां वाचावा लागत नाहीं.

वर्ग किंवा अभ्यासक्रम निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. तेथें केवळ नियम सांगतात कीं कारणेंहि सांगतात? प्रश्न विचारूं देतात काय, आणि शिकलेलें तपासतात काय? आपल्या भाषेंत शिकवितात काय? आणि शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट : शिकवितां शिकवितां कोणी कांहीं विकावयास बसलें आहे काय? ज्या आरोग्यवर्गाच्या शेवटीं एखादी बाटली किंवा डबा विकत घ्यावयाचा असतो, तो वर्ग नसून दुकान असतें.

मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. या अभ्यासानें कोणी डॉक्टर होत नाहीं, आणि होऊंहि नये. अर्धवट ज्ञानानें औषधें ठरविणारा गृहस्थ अज्ञानी गृहस्थापेक्षां अधिक धोक्याचा. गडचिरोलीच्या त्या स्त्रियांना जें शिकविलें त्यांत केव्हां स्वतः उपचार करावयाचा याच्या बरोबरीनें केव्हां क्षणाचाहि विलंब न करतां मोठ्या दवाखान्याकडे धाडावयाचें, हेंहि होतें. छातींत दाब येऊन घाम फुटणें, बोलतां बोलतां तोंड वांकडें होणें किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणें, बाळानें अंगावर पिणें सोडणें, या वेळीं ज्ञानाचा उपयोग एकच, तो म्हणजे ताबडतोब उठणें. आपल्याला काय कळत नाहीं हें कळणें, हा शरीरविद्येच्या अभ्यासाचा निदान अर्धा लाभ समजावा.

डॉक्टरांना असा शहाणा रोगी आवडेल काय, असेंहि विचारतात. ज्याला आपल्या रोगाची हकीकत क्रमवार सांगतां येते, जो आंकडे जपून ठेवतो, जो औषध मध्येंच सोडीत नाहीं आणि सोडलें तर लपवीत नाहीं, असा रोगी कोणत्या चांगल्या डॉक्टराला नको असेल? दोघांमध्यें एक समान भाषा निर्माण होते, आणि दवाखान्यांतल्या त्या पांच मिनिटांत अर्ध्या तासाचें काम होतें.

जामखेडच्या ज्या स्त्रिया अंगठा उठवीत शिकावयास आल्या त्यांनीं आपलें गांव वांचविलें. आपल्यापैकीं बहुतेकांना सही करतां येते, वाचतां येतें, संध्याकाळचा एखादा तास आणि महिन्याची लहानशी रक्कम बाजूला काढतां येते. मग प्रौढशिक्षण कोणासाठीं, या प्रारंभींच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मी थांबत नाहीं. तें श्रोत्यांनींच द्यावें, आणि शक्य तर एखाद्या अभ्यासवर्गांत नांव घालून द्यावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.